मंगरूळ, पण कोणतें?

गेल्या महिन्यांत एका आप्ताची लग्नपत्रिका कार्य उरकल्यावर आमच्या हातीं पडली. पाठविणारानें पत्त्यांत नुसतें 'मंगरूळ' लिहिलें होतें. ती आधीं अमरावती जिल्ह्यांतील मंगरूळ दस्तगीर पाहून आली. मंगरूळ चव्हाळा तें आणखी निराळें! तेव्हां आमच्या गांवास 'पीर' हें उपपद हवेंच. तें दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यावरून पडलें. बिरबलनाथ महाराजांच्या भक्तांच्या तोंडीं हेंच गांव 'मंगरूळनाथ' असतें. दोहोंपैकीं एकच नांव ठेवावें असें म्हणणारे अधूनमधून भेटतात. त्यांस आम्ही इतकेंच विचारितों कीं, उरुसांत आणि नाथांच्या यात्रेंत दुकानें मांडणारे काय निरनिराळे असतात?

नांवापेक्षां गांवाचा धनीच अधिक वेळां बदलला. जवळचें वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांचा विवाह राजशेखरानें 'काव्यमीमांसें'त तेथेंच लाविला आहे. आमच्या वऱ्हाडी बोलीस हंसणाऱ्या पुणेकरांस आम्ही हें आवर्जून सांगतों! पुढें मुलूख निजामाकडे गेला. १८५३ सालीं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, तरी नांवाचें स्वामित्व निजामाचेंच राहिलें. १९३६ च्या करारानें तर त्याच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. शेतसारा एकाकडे भरावयाचा आणि प्रजा दुसऱ्याची म्हणवून घ्यावयाचें, असा हा संसार.

इंग्रजी अमदानींत वाशीम जिल्हा होता. वाशीम, मंगरूळ व पुसद हे त्याचे तालुके. १९०५ सालीं तो मोडला. पुसद यवतमाळाकडे गेलें, आम्ही अकोल्याकडे. अमेरिकेंतील कौंटीचे लोक आपला शेरीफ मतें देऊन निवडतात. येथें कागदावर एक रेघ ओढली कीं जिल्ह्याची कचेरी दूर गेली. एका सातबाऱ्याच्या तक्रारीसाठीं अकोल्याचे खेटे घालणारीं माणसें आम्हीं लहानपणीं पाहिलीं आहेत. पहाटे भाकरी बांधून निघावें आणि 'साहेब दौऱ्यावर' ऐकून परतावें! तें दुःख १ जुलै १९९८ रोजीं वाशीम पुन्हा जिल्हा झाल्यावर सरलें.

आगगाडीनें मात्र आम्हांस दोन्ही बाजूंनीं चुकविलें. मूर्तिजापुराहून यवतमाळास जाणारी अरुंद रुळांची 'शकुंतला' कारंज्यावरून गेली. अकोला-पूर्णा मार्ग वाशिमावरून. २०२२ च्या डिसेंबरांत समृद्धी महामार्ग नागपुराहून शिर्डीपर्यंत खुला झाला, तो तालुक्यांतील शेलूबाजाराजवळून जातो. काळ्या रानांत पऱ्हाटीची जागा बव्हंशीं सोयाबीननें घेतली आहे. माल लवकर बाजारास पोंचतो हें खरें. मुलेंही तितक्याच लवकर पुण्यास पोंचतात.

आमच्या गल्लींतील तीन वाड्यांच्या किल्ल्या सध्यां आमच्याच खुंटीवर आहेत. मृगापूर्वीं कौलें चाळून घ्या म्हणून फोन येतात. चाळणारा माणूस मात्र यंदा दोन गांवें हिंडूनही मिळाला नाहीं.