सायकलला चेन हवी की पट्टा?

शाळेची घंटा व्हायला पाच मिनिटे उरली आहेत आणि नेमकी तेव्हाच सायकलची चेन पडली, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. चेन बसते, पण हात काळे होतात आणि पांढऱ्या सदऱ्यावर डाग पडतो. अशा वेळी वाटते, ही चेनच नको!

युरोप-अमेरिकेत आपल्या मापाची सायकल कारागिराकडून मुद्दाम बनवून घेणारे काही हौशी लोक खरोखरच चेन नाकारतात. तिच्या जागी ते दातेरी पट्टा बसवतात. त्याला तेल लागत नाही, तो गंजत नाही आणि जवळजवळ आवाजही करत नाही. मग आपणही चेनला निरोप द्यावा काय? माझे उत्तर 'नाही' असे आहे. पट्ट्यावर अन्याय न करता त्याची कारणे सांगतो.

प्रथम चेनचे काम पाहू. जुन्या उंच सायकलीत पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असे. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग हवा तर चाकच मोठे करावे लागे आणि पडले तर कपाळमोक्ष ठरलेला. १८८० मध्ये हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरला आजच्या धर्तीच्या चेनचे पेटंट घेतले. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' सायकलीत चेनने मागचे चाक फिरवले. समजा, पुढच्या चक्राला ४४ दाते आहेत आणि मागच्याला १८. पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे २.४४ वेळा फिरेल. चाक २८ इंची असेल तर सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाईल. चाक लहान, तरीही वेग मोठा!

आता पट्टा. पिठाच्या गिरणीचा पट्टा किंवा शिवणयंत्राची वादी तुम्ही पाहिली असेल. त्या घर्षणावर चालतात, म्हणून ओल्या झाल्या की घसरतात. सायकलच्या पट्ट्याला आतून दाते असतात आणि ते चक्राच्या खाचांत बसतात. अमेरिकेच्या गेट्स कंपनीच्या पट्ट्यात दोन दातांमधले अंतर ११ मिलिमीटर असते. पट्टा पॉलियुरेथेनचा असतो आणि त्याच्या आत कार्बन तंतूंचे दोर असतात. हे तंतू ओढ उत्तम सोसतात. मात्र पट्टा हाताने मुडपला तर ते मोडतात.

पट्ट्याची खरी अडचण पुढेच आहे. तो अखंड असतो, चेनसारखा तोडून जोडता येत नाही. सायकलच्या मागच्या बाजूला फ्रेमचा बंद त्रिकोण असतो. त्यातून अखंड पट्टा घालणार कसा? त्यासाठी त्रिकोणाच्या एका नळीत उघडणारा सांधा ठेवावा लागतो. फ्रेम लवचीक असून चालत नाही, कारण पट्टा ढिला पडला की दाते निसटतात. पुढचे व मागचे चक्रही अगदी एका रेषेत लागते. चेन थोडी तिरपी चालू शकते, म्हणूनच गिअरच्या सायकलीत ती एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकते. पट्ट्याला हे जमत नाही, त्याच्यासाठी गिअर सहसा चाकाच्या तुंब्यात बसवावे लागतात. म्हणून पट्टा मुख्यतः मुद्दाम बनवलेल्या महाग सायकलींवरच शोभतो.

'पण चेनमध्ये शक्ती वाया जात असेल ना?' असे तुम्ही विचाराल. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९९९ मध्ये पुढे आले. चेनची कार्यक्षमता परिस्थितीनुसार ८१ ते ९८.६ टक्के भरली. एवढी कार्यक्षमता फार थोड्या यंत्रांना साधते. पट्टा ताणून बसवावा लागतो आणि चक्रावर सतत वाकतो, त्यामुळे त्यातही थोडी शक्ती खर्च होतेच.

चेनचे खरे वैर आहे ते धुळीशी आणि पावसाशी. त्यावर जुना उपाय आहे: पूर्ण बंद चेनकव्हर. आपल्याकडे आजोबांच्या काळ्या सायकलीला ते असे. पट्ट्याचे निम्मे फायदे या पत्र्याच्या डब्यातच मिळतात, असे मला वाटते.

शिवाय पट्टा तुटला तर तेवढ्याच लांबीचा दुसरा पट्टा मागवावा लागेल. चेन तुटली तर गावातला दुरुस्तीवाला खराब कडी काढून जोडून देईल. सहज दुरुस्त होणे हासुद्धा यंत्राचा गुणच आहे. आपण तो कार्यक्षमतेइतकाच मोजला पाहिजे. हां, भर पावसात रोज लांब जाणाऱ्या आणि खर्च परवडणाऱ्या माणसाने पट्टा निवडला तर त्याला मी चुकीचे म्हणणार नाही.

चेन 'ताणली' असे आपण म्हणतो, पण पोलादी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. शंभराहून अधिक सांध्यांतील पिना व त्यांची भोके केसभर झिजतात आणि ती सगळी झीज मिळून लांबी वाढते. हे तुम्ही स्वतः मोजू शकता. सायकल उभी करा आणि वरची चेन ताठ ठेवा. एका पिनेच्या मध्यापासून विसाव्या पिनेपर्यंत, पहिली पिन न मोजता, फूटपट्टीने अंतर घ्या. नव्या चेनमध्ये दोन पिनांत अर्धा इंच, म्हणजे एकूण १० इंच किंवा २५४ मिलिमीटर अंतर असते. ते सव्वा मिलिमीटरने वाढले असेल तर चेन बदला. अडीच मिलिमीटर वाढेपर्यंत थांबलात तर चक्राचे दातेही खराब होण्याचा धोका आहे.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गातल्या सगळ्या सायकलींवर करून घ्यावा. कोणाची चेन किती महिने वापरली, तेल कधी दिले आणि झीज किती झाली, याचा तक्ता फळ्यावर मांडावा. चेनवर चिडण्याआधी आपण तिची काळजी किती घेतली, हे त्या तक्त्यात दिसेल.