फिनिश कुठे हवं, ते ड्रॉइंगवर लिहा

ॲमस्टरडॅममधल्या एका जुन्या कालव्यावर जुलै २०२१ मध्ये स्टेनलेस स्टीलचा एक पादचारी पूल खुला झाला. रोबोच्या हाती वेल्डिंग टॉर्च देऊन, तार वितळवत, थरावर थर चढवून तो घडवला होता आणि वेल्डचे वळ त्याच्या अंगावर स्पष्ट दिसत. त्याआधी २०१७ मध्ये रॉटरडॅममध्ये याच पद्धतीने सुमारे ४०० किलोचा जहाजाचा पंखा तयार झाला. ब्राँझचे २९८ थर चढवून झाल्यावर मात्र त्याची पाती मशिनवर घासून गुळगुळीत करावी लागली, कारण पाण्यात फिरणाऱ्या पात्याला खडबडीतपणा परवडत नाही. पद्धत एकच, पण पृष्ठभागाची गरज दोन टोकांची. तरीही असा भाग पाहताच ‘फिनिश खराब आहे’ म्हणून तो नाकारला जातो, हे मला चुकीचं वाटतं.

हे वळ कारागिराच्या हलगर्जीपणातून येत नाहीत. प्रत्येक थर साधारण एक ते तीन मिलिमीटर उंचीचा असतो आणि त्याची कड गोल होऊनच गोठते. खालचा भाग पुरेसा निवण्याआधी पुढचा थर घातला तर धातू पसरतो, भिंत फुगते. थर पातळ केले की वळ कमी होतात, पण वेळ वाढतो. आणि वेग हेच तर या पद्धतीचं बळ आहे.

दोन वळांमधल्या खाचेत ताण एकवटतो आणि वारंवार भार आला की चीर तिथूनच सुरू होते, हा आक्षेप मात्र खरा आहे. भिंतीची मजबुतीही सरासरी जाडीवर नव्हे, खाचेपाशी उरलेल्या जाडीवर धरायला हवी. म्हणूनच जिथे कंप, फिरता भार किंवा बेअरिंगची बैठक आहे, तिथे मशिनिंग टाळण्याचा प्रश्नच नाही. मग पैसे वाचले कुठे, असं कोणी विचारेल. टायटॅनियमच्या ठोकळ्यातून विमानाचा भाग कोरताना बहुतेक धातूचा चुरा होतो. इथे वरचे काही मिलिमीटर काढले की काम होतं. स्थिर भार पेलणाऱ्या, हात न लागणाऱ्या बाजूवर तेवढाही खर्च करायची गरज नाही. तेव्हा ऑर्डर देणाऱ्यांनी ‘सर्वत्र उत्तम फिनिश’ असं मोघम न लिहिता, प्रत्येक पृष्ठभागापुढे त्याचं काम आणि चालणारा खडबडीतपणा आकड्यात लिहावा.