लाकडी माशाच्या पोटातील भर

ज्या घरांत मासा शिजत नाही अशा घरांकरिता निघणाऱ्या मासिकात गळाला बांधावयाच्या लाकडी माशाची कथा कशाला, असा प्रश्न वाचकांस पडेल. आणि तो रास्तच आहे. पण कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या सुमारे ११३० सालच्या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाचाही समावेश केलेला आहे. जो विषय देववाणीस विटाळला नाही तो आमच्या सदरास विटाळेल असे वाटत नाही. शिवाय आजची हकीकत माशाची थोडी व सुतारकामाची अधिक आहे.

गेल्या आषाढात आम्ही आमच्या भगिनीकडे मेढ्यास चार दिवस राहिलो होतो. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावलेली वेण्णा मेढ्यावरून खाली कण्हेर धरणाकडे जाते. आणि वरच्या डोंगरात पाऊस कोसळू लागला की या खोऱ्यात घरातील एकही दार धड लागत नाही. कपाटांचे खण अडकून बसतात, पाटांच्या फटी मिटतात, पोळपाटाचा सुटलेला पाय शोधावा लागतो. ओल ही तेथे जणू घरातील एक वडील माणूसच आहे. तिच्या संमतीवाचून काही होत नाही.

आमचा भाचा पुण्यास शिकतो. त्यास गळाचा नाद लागला आहे. मासा धरावयाचा, पाहावयाचा आणि तसाच पाण्यात सोडून द्यावयाचा, असा हा नवा संप्रदाय. नदीस पूर असल्यामुळे चिरंजीव माडीवर बसून पांगाऱ्याच्या लाकडाचे मासे कोरीत होते. पांगारा हलका, जाळ्याच्या तरंड्यांस व खेळण्यांस तो उपयोगी पडतो, तो या गुणामुळेच. मासा चार बोटे लांब. नाकाशी दोरा बांधण्याची कडी, पोटाखाली व शेपटीशी आकडे, आणि पाठ वर व पोट खाली राहावे म्हणून पोटात शिशाची गोळी. ही गोळी बसविण्यासाठी गिरमिटाने पाडलेले भोक कशाने बुजवावे, आणि आट्यांच्या कड्या कशाने पक्क्या कराव्यात, एवढाच प्रश्न होता. आम्ही मामा या नात्याने त्यात उडी घेतली.

आम्ही म्हटले, बाजाराच्या नळ्या कशास हव्यात? घरात चिंचोके आहेत. त्यांच्या पिठाची खळ आपल्या मुलखातील सनगर पिढ्यान्‌पिढ्या घोंगडीस देत आले; आंध्रातील कोंडपल्लीची लाकडी बाहुली याच पिठात लाकडाचा भुसा कालवून सांधली जाते. भगिनीने खळ शिजवून दिली. आम्ही तीत भुसा मळून भोक बुजविले, कड्या बसविल्या, दोन दिवस वाळवून वर कानस व काचकागद फिरविला. लाकूड कोठे संपते आणि भर कोठे सुरू होते, हे बोटास कळेना. त्या रात्री तो मासा आम्ही परसातील हौदात सोडला. सकाळी पाहतो तो पोटातील भर फुगून बाहेर आलेली, शिसे तळाशी, आणि मासा उताणा तरंगतो आहे. कडी ओढली, ती दातासारखी हातात आली.

आम्ही हसलो. भाचाही हसला. भगिनीच्या सासूबाई, ज्यांस सारे घर आजी म्हणते, त्या मात्र हसल्या नाहीत. तुळशीस पाणी घालता घालता त्यांनी विचारले, "अरे, ही कडी माशाने ओढली असती तर?" भाचा म्हणाला, "मासा सुटून गेला असता, आजी." "आणि आकडा?" "तो त्याच्या तोंडात." त्यावर त्या म्हणाल्या, "मग जीव घ्यायचा नाही म्हणतोस तो कसा? लोखंड तोंडात देऊन उपाशी सोडायचे, त्यापेक्षा खाणारे बरे की रे!"

या प्रश्नास माडीवर किंवा परसात कोणाजवळच उत्तर नव्हते. हौदातील गमतीला एकदम वजन आले, आणि आम्ही उभयता चिकटविण्याच्या पदार्थांचा विचार नव्याने करू लागलो.

कोंडपल्लीची बाहुली फळीवर बसते, घोंगडी वाळवून घेता येते. लाकडी मासा पाण्यातच जगतो. खळीचा काही दोष नव्हता. आम्ही तिला परक्या कामास जुंपले होते. सरसाची तीच गत. हाडा-कातड्यापासून काढलेला सरस ऊन करून लावला की कोरड्या सांध्यास उत्तम धरतो, आणि पुढे दुरुस्तीच्या वेळी ऊन पाण्याने सोडविताही येतो. ओल लागली की मात्र ढिला पडतो. दुधाचा चोथा व चुना यांचा लेप त्याहून पुष्कळच पाण्यास टिकतो, तरी सदैव भिजत राहिल्यास तोही हार खातो. १९५९ साली फेविकॉल निघाला आणि सुतारांच्या सरसाची भांडी हळूहळू चुलीवरून उतरली. पण या जातीचा साधा पांढरा डिंक फार काळ पाण्यात राहिल्यास मऊ होतो. पाण्यास टिकणारे त्याचे प्रकार निराळे मिळतात, ते डब्यावरील मजकूर वाचून घ्यावे. क्षणात चिकटणारा पातळ डिंक ठिसूळ असतो, व फट भरून काढणे त्याच्या स्वभावात नाही. दगडावर एक आपट बसली की सुटतो. घराच्या खिडक्यांस लावतात ती खडू व जवसाच्या तेलाची लांबी वाळावयास फार दिवस घेते, आणि ओढ तिला मुळीच सोसत नाही.

राहता राहिले इपॉक्सी, म्हणजे राळ व तिला घट्ट करणारे द्रव्य अशा दोन नळ्यांचे मिश्रण. ते वाळताना जवळजवळ आटत नाही, फट भरते आणि पाण्यास दाद देत नाही. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्यापेक्षा रात्रभर वेळ घेणारे घ्यावे. ते पाण्यास अधिक टिकते. दोन्ही भाग सांगितलेल्या प्रमाणातच घ्यावेत. अंदाजाने घेतल्यास ते महिनाभर चिकट राहते. हातमोजे घालावेत, कारण कित्येकांच्या कातडीस ते बाधते. भर म्हणून त्यात करवतीचा जाड भुसा घालू नये, काचकागदाखाली पडणारी पिठासारखी पूड घालावी. आणि शिशास हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज ताटावर बसू नये, ही सूचना आमच्या भगिनीची. ती आम्ही शब्दशः देत आहो.

तरीही आजींचा प्रश्न तसाच उभा होता. उत्तम डिंक झाला तरी तो धरून राहणार पांगाऱ्यास, आणि पांगारा म्हणजे जवळजवळ भेंडच. कडी डिंकातून सुटली नाही तर लाकडाचा लचका घेऊन सुटेल. येथे आम्हांस दुसऱ्या महायुद्धातील मॉस्किटो या लाकडी विमानाची हकीकत आठवली. १९४४ साली ही विमाने पूर्वेकडील युद्धक्षेत्रात कोसळू लागली, तेव्हा प्रथम संशय आला तो दुधाच्या चोथ्यापासून केलेल्या लुकणावर. हिंदुस्थानातील ऊन व पाऊस त्यास मानवत नाही, असे बोलले गेले. पुढील चौकशीत निघाले ते निराळेच: कारखान्यात सांधेच नीट बसविले गेले नव्हते. ही गोष्ट आम्ही मोठ्या ऐटीने सांगितली. आजींनी ती ऐकून घेतली आणि आम्हांस देवघरात नेले.

तेथील सागवानी देव्हारा त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचा. सरस हाडांचा म्हणून त्यास कधी लागला नाही. सुताराने सारे सांधे लाकडी खुंट्यांनी धरले आहेत. इतके पावसाळे त्या देव्हाऱ्याने फुगत व आटत काढले. सांधा एकही सुटलेला नाही. सोवळ्यापायी झालेली ही सोय सुतारकामाच्या दृष्टीनेही किती शहाणपणाची होती, हे आम्हांस त्या दिवशी प्रथमच कळले.

भाच्याने खूण ओळखली. दुसऱ्या माशाच्या पोटाखालून त्याने नाकापासून शेपटीपर्यंत एक चीर करवतली, तीत न गंजणारी पोलादी तार अखंड घातली, आणि तिचेच पीळ काढून नाकाची, पोटाची व शेपटीची कडी केली. आता लाकूड दुभंगले तरी मासा, आकडा व दोरा एकाच तारेने बांधलेले राहतात. ओढ सारी तारेवर. इपॉक्सीने फक्त चीर व भोक बुजवून पाणी बाहेर ठेवावयाचे. त्याचे काम हलके झाले, आणि तेच काम तो चांगले करतो. भर पोटाच्याच बाजूस येत असल्याने तिचे थोडे वजनही उपयोगी पडले. तीच पाठीवर आली असती तर मासा पुन्हा उताणा झाला असता. रंगापूर्वी साऱ्या अंगास, विशेषतः नाक-शेपटीच्या उभ्या चिरांस, इपॉक्सीचा पातळ हात दिला. कारण लाकूड पाणी पिते ते तोंडाकडून. लाखेच्या पॉलिशाचा आमचा आग्रह भाच्याने नम्रपणे नाकारला. लाख ओलीने पांढरी पडते, हे आम्ही विसरलो होतो.

दोन दिवस वाळवून मासा हौदात टाकला. तिसऱ्या दिवशी तो तसाच सरळ, पोट खाली करून तरंगत होता, आणि स्वयंपाकघरातील काट्यावर त्याचे वजन पूर्वीइतकेच भरले. मग भाच्याने त्याची नाकाची कडी माजघराच्या तुळईस बांधली आणि शेपटीच्या कडीस दहा किलो तांदळाची पिशवी टांगली. रात्रभर ती पिशवी तशीच राहिली. सकाळी आजींनी स्वतः ती एकदा खाली ओढून पाहिली.

"बरे आहे," त्या म्हणाल्या. "आता आकड्यांच्या आतले उलटे दातही कानशीने काढून टाक. सोडायचाच आहे ना मासा? मग सुटायला त्याला त्रास का?" भाचा म्हणाला, त्याने मासा हातचा जाण्याचा संभव वाढतो. "जाऊ दे की," आजी म्हणाल्या आणि दूध उतरविण्यास आत गेल्या.

आम्ही निघालो तेव्हा तो ओसरीवर कानस घेऊन बसला होता. धरणाच्या पाण्यात गळ टाकावयाचा तर मासेमारीचा ठेका ज्यांच्याकडे असेल त्यांची परवानगी लागते. ती त्याने अद्याप विचारलेली नाही. भाद्रपदात पाणी निवळल्यावर विचारणार आहे.