घर पाडायला कलम आहे, मग रॅम्प काढायला नाही काय?



मे महिना उजाडला की आपल्या पंचायती आणि पालिका यांना जुन्या घरांची आठवण होते. 'मान्सूनपूर्व तयारी' या गोंडस नावाखाली मोडकळीस आलेल्या घरांची यादी निघते, दारावर नोटीस लागते आणि नोटिशीची भाषा ठरलेली असते : घर धोकादायक आहे, ते उतरवा, नाही तर होणाऱ्या परिणामांना तुम्ही जबाबदार. त्याच रस्त्यावर, त्याच घराच्या वरच्या अंगाला, कुणा नव्या बंगलेवाल्याने आपली गाडी सरळ आत जावी म्हणून गेटासमोर काँक्रीटचा रॅम्प ओतून सरकारी गटार बुजवलेले असते. त्याला नोटीस नाही. पहिल्या मोठ्या पावसात गटाराचे पाणी रस्त्यावर येते, रस्त्यावरून उताराने आपल्या अंगणात येते आणि मातीत बसवलेल्या चिऱ्यांच्या भिंतीच्या पायथ्याशी साचते. सांध्यांतली माती धुपते, भिंत फुगते, आढे सरकते. पुढच्या मे महिन्यात अधिकारी येऊन फुगलेली भिंत पाहतो आणि घराला नोटीस देतो. भिंत कुणामुळे फुगली हे कुणी विचारीत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतून आमच्या कानावर येणाऱ्या तक्रारींचा हा एकच साचा आहे. आमचे म्हणणे असे की हा प्रकार कायदा अपुरा आहे म्हणून होत नाही. कायदा अर्धाच वाचला जातो म्हणून होतो.

कलम एक, पोटकलमे दोन

पडायला आलेल्या इमारतीबाबत दंडाधिकाऱ्याला अधिकार देणारे कलम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत १३३ या क्रमांकाने होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १५२ म्हणून आले आहे. एखादी इमारत पडून शेजाऱ्यांना किंवा वाटसरूंना इजा होण्याचा संभव असेल, तर ती हटवणे, तिची दुरुस्ती करणे किंवा तिला आधार देणे यासाठी दंडाधिकारी सशर्त आदेश काढू शकतो. वाचकहो, हे तीन पर्याय नीट पाहा. हटवणे, दुरुस्ती, आधार. कायद्याने तिन्ही एका ओळीत ठेवले आहेत. आपल्या कार्यालयांना मात्र पहिलाच शब्द वाचता येतो. एका भिंतीला टेकू लावून, चार वासे बदलून जे घर आणखी पन्नास वर्षे उभे राहील, त्यालाही 'पाडा' हाच हुकूम. शिवाय आदेश सशर्त असतो, म्हणजे घरमालकाला हजर राहून आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, हे नोटीस घेऊन येणारा कधी सांगत नाही.

आता त्याच कलमातील पहिले पोटकलम वाचा. सार्वजनिक जागेत, लोकांच्या वहिवाटीच्या वाटेत, नदीत किंवा जलमार्गात बेकायदा अडथळा असेल, तर तो हटवण्याचा आदेशही याच अधिकाऱ्याला याच कलमाखाली देता येतो. गटार बुजवणारा रॅम्प, व्हाळाच्या तोंडावर घातलेला भराव, देवळाकडे किंवा विहिरीकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटेवर घातलेला गडगा, हे अडथळे नव्हेत तर काय? एका कलमाने आपले घर पाडता येते आणि त्याच कलमाने शेजाऱ्याचा रॅम्प काढता येतो. पहिले दरवर्षी होते. दुसरे झालेले कुणी पाहिले असेल तर त्याने आम्हाला कळवावे, आम्ही आनंदाने छापू.

'गटारांसाठी आमच्याकडे निधी नाही' असे उत्तर देणाऱ्यांसाठी एक जुना निकाल आहे. मध्य प्रदेशातील रतलाम या शहरात एका वॉर्डातील रहिवाशांनी तुंबलेल्या गटारांबद्दल याच कलमाखाली दंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली. आदेश पालिकेविरुद्ध गेला. पालिका पैसे नाहीत म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी पालिकेला साफ सांगितले की पैशांची सबब सांगून वैधानिक कर्तव्य टाळता येणार नाही. त्या निकालाला चार दशके उलटून गेली. पेडण्यापर्यंत तो अजून पोचायचा आहे.

दुरुस्ती करू द्याल तर घर टिकेल

कुणी म्हणेल, घरे मोडकळीस येईपर्यंत तुम्ही थांबताच कशाला? वेळीच दुरुस्ती का करीत नाही? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर पंचायतीच्या टेबलावर आहे.

दुरुस्तीचा अर्ज केला की घरपट्टीची पावती, एक-चौदाचा उतारा आणि सर्व्हेचा नकाशा मागितला जातो. इथवर ठीक. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी सगळ्या सहमालकांची 'ना हरकत' मागतात. गोव्यातला वारसा कायदा ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातील मेख लगेच कळेल. पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेने मुलगा आणि मुलगी दोघांनाही वारसा मिळतो आणि नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरली जाते. ही गोष्ट न्यायाची आहे आणि तिचा आपल्याला अभिमान असायला हवा. पण कागदावर काय होते पाहा. पाच भावंडे, प्रत्येकाची तीन मुले, म्हणजे पंधरा वारस. त्यांचे पती-पत्नी धरले की तीस सह्या. एक मुंबईला, एक पुण्याला, एक आखातात, एक बोलत नाही. गळणारी कौले बदलायला तीस सह्या आणि घर पाडायला मात्र एक नोटीस! ज्यांचे घर भाटकाराच्या जमिनीत आहे, त्यांच्या वाट्याला तर १९७५ च्या मुंडकार कायद्याचे संरक्षण असूनही मामलेदाराच्या कचेरीतील तारखाच येतात.

१७८८ साली सावंतवाडीकरांकडून पेडणे महाल पोर्तुगीजांकडे गेला. त्याच्याही आधीपासून इथे नांदत असलेली घराणी आपल्यात आहेत. सरकारी कागद त्यांच्यानंतर आले. कागदात नाव उशिरा किंवा चुकीचे चढले, म्हणून त्यांनी आपल्या माजघराचा वासा बदलायचा नाही, हा कुठला न्याय?

मनात आणले तर सरकार कायदा बदलू शकते, हे २०२५ साली आपण पाहिले. सरकारी आणि कोमुनिदाद जमिनींवरील घरे कायदेशीर करण्यासाठी विधानसभेत दुरुस्त्या झाल्या आणि 'म्हजें घर' योजना वाजतगाजत आली. गरिबाचे छप्पर वाचत असेल तर आमचा विरोध नाही. पण जे घर बेकायदा नव्हतेच, त्याच्या आढ्याचीही तेवढीच काळजी घ्या, एवढेच मागणे आहे.

पडलेले घर कुणाला हवे आहे?

मोपाच्या पठारावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. धारगळच्या सुकेकुळणहून विमानतळाकडे जाणारा जोडरस्ता २०२४ मध्ये खुला झाला. तेव्हापासून मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल, उगवे या गावांत जमीन विचारत फिरणारी माणसे कोण आहेत हे आम्ही सांगायला नको. राहते घर असलेला तुकडा सहजी विकला जात नाही. घर पडले, तीस वारस तीस दिशांना गेले, की तोच तुकडा मोकळा 'प्लॉट' होतो. प्रत्येक नोटिशीमागे दलाल असतो असे आम्ही म्हणत नाही. पण घर पडल्याने फायदा कुणाचा होतो, हे नोटीस काढणाऱ्याला कळत नसेल असेही आम्ही मानत नाही.

आणि या नव्या बंगल्यांचे रस्ते कसे होतात? डोंगरउतार कापून, खालचा भाग भरून. यासाठी नगरनियोजन कायद्यातील कलम १७-अ खाली पूर्वपरवानगी लागते. ती घेतली आहे का, हे ग्रामसभेत विचारले की 'फाईल पाहावी लागेल' असे उत्तर मिळते. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात उतार कापला तर पाणी कुठे जाणार? खाली जाणार. खाली कोण राहतो? आपण.

धोका वयात नसतो

लोकांच्या जिवाची काळजी आम्हालाही आहे. जे घर खरेच कोसळणार आहे ते उतरवलेच पाहिजे आणि त्यात आपला मालकही आडवा येता कामा नये. पण जुने म्हणजे धोकादायक आणि नवे म्हणजे सुरक्षित, हे गणित खोटे आहे. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणच्या चावडीवर जी इमारत कोसळली ती बांधून पुरीही झाली नव्हती. तीसएक कामगार तिच्याखाली गेले. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडला कोसळलेली 'तारिक गार्डन' जेमतेम सात वर्षांची होती, तिने सोळा बळी घेतले. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफडे येथील नाईटक्लबला आग लागून २५ जण गेले. त्या बांधकामाविरुद्ध पंचायतीचा पाडण्याचा आदेश होता आणि अपिलात त्याला स्थगिती मिळाली होती, हे नंतर उघड झाले. म्हणजे ज्याच्याकडे वकील आणि पैसा आहे त्याच्या इमारतीला स्थगिती, आणि ज्याच्याकडे फक्त शेणाने सारवलेली ओसरी आहे त्याच्या घराला जेसीबी!

आपली मागणी आणि आपले कर्तव्य

पंचायत, पालिका आणि उपजिल्हाधिकारी कार्यालय यांच्याकडे आपण पुढील मागण्या लेखी कराव्यात.

१. अभियंत्याने प्रत्यक्ष पाहणी करून दिलेल्या अहवालाशिवाय एकाही घराला धोकादायक ठरवू नये. महाराष्ट्रात अशा इमारतींची सी-१, सी-२, सी-३ अशी वर्गवारी करतात, म्हणजे पाडण्याजोगी, मोठ्या दुरुस्तीची आणि किरकोळ दुरुस्तीची. तशीच वर्गवारी इथेही करावी.

२. जोते न वाढवता कौले, वासे, रिपा बदलणे आणि भिंत सावरणे यासाठी राहत्या वारसाचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानावे. दुरुस्तीने मालकी हक्क वाढत नाही अशी अट घालावी, म्हणजे इतर वारसांचेही नुकसान नाही.

३. गेटासमोर रॅम्प करायचा तर गटारावर पुरेशा रुंदीची मोरी किंवा काढता येणारे स्लॅब घालावेत आणि त्याचा खर्च मालकाने करावा. ते केल्याशिवाय भोगवटा दाखला देऊ नये.

४. बुजवलेल्या गटारांची वाडावार यादी एप्रिलच्या ग्रामसभेत मांडावी. जुन्या घरांची यादी लागते त्याच फलकावर हीही लागू दे.

आता दोन शब्द आपल्या माणसांसाठी. गणेश चतुर्थीला दोन दिवस कुलूप उघडायचे आणि वर्षभर घर वाळवीच्या स्वाधीन करायचे, हे आपणच करतो. इन्व्हेंटरी करून वाटण्या मिटवायचे सोडून 'मोठ्यांच्या हयातीत नको' म्हणत तीन पिढ्या आपणच घालवतो. शहरातील भावाने निदान एक सहीचा कागद गावातील भावाला करून द्यावा. ती सही नसते म्हणून घर पडते, आणि घर पडल्यावर वाटा मागायला मात्र सगळे हजर असतात.

नोटीस आली तर घाबरून घर उतरवू नका. तारीख घालून पोच घ्या, लेखी उत्तर द्या, अभियंत्याचा अहवाल मागा, दुरुस्ती आणि आधार हे पर्याय कायद्यात आहेत हे उत्तरात लिहा. आणि त्याच टपालाने वरच्या अंगाच्या बुजलेल्या गटाराची तक्रार त्याच कलमाखाली दाखल करा. पुढच्या ग्रामसभेला घरटी एक माणूस आलाच पाहिजे. सभा ओस पडली तर ठराव दुसऱ्यांचेच होणार!