कागदावरचा हक्क आणि कचेरीचे दार

वर्णावरून कोणाचाही मताधिकार नाकारता येणार नाही, असे अमेरिकेच्या राज्यघटनेतील पंधराव्या दुरुस्तीने १८७० सालीच जाहीर केले होते. तरीही सेल्मा हे गाव अलाबामा राज्याच्या ज्या डॅलस परगण्यात येते, तेथे १९६५ च्या आरंभी मतदानास पात्र अशा सुमारे १५ हजार कृष्णवर्णीयांपैकी मतदारयादीत जेमतेम तीनशेंची नावे होती. एवढे साधण्यास कोणी हुकूमशहा लागला नाही. नोंदणी कचेरीतील गोरा अधिकारी पुरेसा होता. ही कचेरी महिन्यातून दोनच दिवस उघडत असे. आत शिरलेल्यास राज्यघटनेतील कलमाचा अर्थ सांगावा लागे आणि तो बरोबर की चूक, हे तोच अधिकारी ठरवी. याच राज्यात टस्कीगीच्या प्रख्यात शिक्षणसंस्थेतील कृष्णवर्णीय प्राध्यापकांनाही नोंदणी नाकारली गेली होती. तेव्हा ही परीक्षा साक्षरतेची होती, असे म्हणणे धाडसाचेच ठरेल. (भारताने निरक्षरांसह साऱ्या प्रौढांना मतपेटीपर्यंत नेले, त्याला तोवर एक तपाहून अधिक काळ लोटला होता.)

७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या पुलावर निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर पोलिसांनी लाठ्या चालविल्या, अश्रुधूर सोडला. ते दृश्य देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले आणि ६ ऑगस्टला अध्यक्ष जॉन्सन यांनी मतदान हक्क कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याचे खरे मर्म त्याच्या पाचव्या कलमात होते. ज्या राज्यांचा पूर्वेतिहास पक्षपाताचा होता, त्यांनी मतदानाच्या नियमांत कोणताही बदल करण्यापूर्वी केंद्रीय न्यायखात्याची अथवा वॉशिंग्टन येथील न्यायालयाची संमती घ्यावी आणि बदल निर्दोष असल्याचे स्वतःच सिद्ध करावे, असा तो दंडक होता. पुराव्याचा भार प्रथमच नागरिकाच्या खांद्यावरून उतरून सरकारच्या खांद्यावर गेला. साक्षरता चाचण्याही स्थगित झाल्या. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी शेकडा सातपर्यंतही पोचलेली नव्हती. दोन वर्षांत ती शेकडा साठच्या घरात गेली.

२०१३ साली शेल्बी परगण्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, कोणत्या राज्यांना हा दंडक लागू व्हावा हे ठरविणारे सूत्रच कालबाह्य म्हणून रद्द केले आणि पाचवे कलम निकामी झाले. दक्षिणेकडील परिस्थिती बदलली होती, हे बहुमताचे म्हणणे खोटे नव्हते. पण ती बदलली कशामुळे? भर पावसात अंग भिजत नाही म्हणून छत्री फेकून देण्याचाच हा प्रकार, असे न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी भिन्न मत नोंदविताना सुचविले ते यथार्थच होते. निकालाच्या दिवशीच टेक्सासने ओळखपत्राचा अडवून धरलेला कायदा अमलात आणण्याचे जाहीर केले.

अन्यायाविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग त्यानंतरही उरला. मात्र तो अन्याय घडून गेल्यावरचा. नॉर्थ कॅरोलायनाने २०१३ मध्येच केलेला निवडणूक कायदा कृष्णवर्णीयांवर अचूक नेम धरून बेतलेला होता, असे सांगून अपील न्यायालयाने त्याच्या मुख्य तरतुदी २०१६ मध्ये रद्द केल्या. दरम्यान, त्यांतील काही तरतुदींखाली २०१४ ची निवडणूक पार पडली होती, आणि तीत ज्यांना मतदान करता आले नाही त्यांची मते मोजण्याची सोय कोणत्याही निकालात असू शकत नव्हती.