घरातले शिक्षण आणि शासनाची जबाबदारी

‘आई हीच मुलाची पहिली शिक्षिका’ हे वाक्य आपल्याकडे इतके वापरून गुळगुळीत झाले आहे की त्याचा अर्थ तपासण्याची गरज कोणाला वाटत नाही. आता ते शैक्षणिक धोरणातही रुळले आहे. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला, आणि त्याच दुरुस्तीने या वयाच्या मुलाला शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे मूलभूत कर्तव्यही ठरवले. २००९च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. महाराष्ट्रात २०२२मध्ये ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या अभियानात मातांचे गट उभे राहिले. कुटुंबाला शिक्षणाच्या वर्तुळात आणण्याचा हा विचार मुळात योग्यच आहे. परंतु त्याला कोणत्या नात्याने बोलावले जात आहे, शिकणारे म्हणून की शाळेचे बिनपगारी मदतनीस म्हणून, हे विचारावे लागेल.

मराठी साहित्याच्या अभ्यासकांजवळ या प्रश्नाचा एक जुना दाखला आहे. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी झाला आणि न्यायमूर्तींनी त्यांना घरीच शिकवायला सुरुवात केली. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) हे पुस्तक आपण बहुधा पतिनिष्ठेचे चित्र म्हणून वर्गात शिकवतो. घरात शिक्षण कसे घडते याचाही तो अस्सल दस्तऐवज आहे. शिकवणारा पती अनुकूल, तर घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया प्रतिकूल. या दोहोंच्या मधल्या फटीतून त्या मुलीला अक्षर गाठावे लागले. म्हणजे घर ही निरपवाद प्रेमळ शाळा नव्हे. तेथेही सत्ता असते. कोणाला वेळ मिळतो आणि कोणाच्या हाती पुस्तक खपवून घेतले जाते, हे तीच ठरवते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आणखी बोलके आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी लेकीला. कौटुंबिक शिक्षणाचा याहून उज्ज्वल नमुना सापडणे कठीण. तरीही १८८२मध्ये हंटर आयोगापुढे रमाबाईंनी मागणी केली ती स्त्री-शिक्षिकांच्या प्रशिक्षणाची आणि स्त्री-निरीक्षकांची. प्रत्येक घरात अनंतशास्त्री नसतो, हे त्यांना पुरते ठाऊक असावे. सावित्रीबाईंना घरी शिकवणाऱ्या जोतीरावांनीही त्याच आयोगाकडे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. घरात शिकलेल्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी शासनाला त्याच्या कर्तव्याची आठवण करून दिली, असा हा इतिहास आहे.

आज दिशा उलटी होण्याचा धोका दिसतो. शाळेची उणीव घराने भरून काढावी, अशी अपेक्षा हळूहळू रूढ होत आहे. ज्या घरात पुस्तके आहेत आणि संध्याकाळी दोन तास मोकळे आहेत, तेथे ती पुरीही होते. पण बीडहून ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबाचे काय? जी आई पहाटे फडात जाते आणि अंधार पडल्यावर खोपीत परतते, तिला ‘मुलाचा अभ्यास घ्या’ असे सांगणे म्हणजे सल्ल्याच्या रूपाने ठेवलेला ठपका होय. असे धोरण शिकलेल्या घराची शिदोरी वाढवते आणि न शिकलेल्या घराला अपराधी ठरवते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, पालकाला प्रथम विद्यार्थी मानावे. ठाणे जिल्ह्यातील फांगणे येथे २०१६मध्ये आजीबाईंची शाळा सुरू झाली. तेथे शिकवणारी गावातलीच सून आणि विद्यार्थिनींत तिची सासू. रमाबाई रानड्यांच्या घरातील चित्र येथे पार उलटलेले दिसते. अशा प्रयत्नांच्या मागे शासन किती उभे आहे? २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात, म्हणजेच ‘उल्लास’मध्ये, ५ कोटी प्रौढांचे लक्ष्य आणि सुमारे १,०३८ कोटी रुपयांची तरतूद आहे. भागाकार केला तर माणशी जेमतेम २०० रुपये येतात, तेही पाच वर्षांसाठी. शिकवण्याचा भार स्वयंसेवकांवर.

बालशिक्षण एका खात्यावर, प्रौढशिक्षण दुसऱ्या खात्यावर, ही विभागणी मोडली पाहिजे. ज्या शाळेत मूल जाते, तेथेच सोयीच्या वेळी आईसाठी वर्ग असावा, त्याला पगारी शिक्षक असावा आणि हंगामी स्थलांतर करणाऱ्यांसाठी तो त्यांच्याबरोबर फिरावा. पंडिता रमाबाई आणि जोतीराव यांच्या साक्षींना १४० वर्षे उलटून गेली. कुटुंबाच्या गौरवाचे शब्द तेव्हाही स्वस्त होते. त्या दोघांनी मागितली होती तरतूद.