खेळ पोरांचा, पैसा घरचा



क्रिकेटचा हंगाम आला की घाटंजीसारख्या गावातही तरुण मुले मोबाईलवर ‘आपला संघ’ मांडत बसतात. हा काय प्रकार, असे घरची वडीलधारी माणसे विचारतात. तो नीट समजून घेऊ.

सामन्याआधी दोन्ही संघांतून मिळून अकरा खेळाडू निवडायचे. प्रत्येकाची किंमत ठरलेली असते आणि खर्चाला एकूण 100 क्रेडिट. सगळेच नामांकित घेतले तर ती पुरत नाहीत. दोन महागडे घेतले की दोन स्वस्त शोधावे लागतात. मजुरीत महिना भागवणाऱ्या माउलीला हे गणित कोणी शिकवायला नको! पुढे खेळाडू मैदानात जसा खेळेल तसे गुण मिळतात. आपण नेमलेल्या कप्तानाचे गुण दुप्पट, उपकप्तानाचे दीडपट.

इथवर खेळ चांगला. घात होतो पैशाने. समजा, दहा जणांनी 50 रुपये भरले, जमले 500. चालवणाऱ्याने आपला वाटा काढला की बक्षिसाला त्याहून कमीच उरते. एखादा जिंकतो, पण सगळे मिळून हरतातच. म्हणूनच ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. ड्रीम इलेव्हनने त्याच महिन्यात पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. तेव्हा आता कोणी चोरवाटेने बोलावले तर मुलांनो, जाऊ नका.

मित्रांत मात्र जरूर खेळा. एक वही पुरे. धावेला 1 गुण, बळीला 25. कप्तानाने 60 धावा केल्या तर 120 गुण. हिशेब धाकट्या बहिणीकडे द्या, हरेल त्याने चहा करावा. आपल्या विदर्भाचे रणजी सामने घ्या. 2024-25 च्या हंगामात हर्ष दुबेने विक्रमी 69 बळी घेतले आणि विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. हंगामाआधी त्याला कप्तान नेमणारा मित्रच खरा जाणकार!

वहीतला कप्तान कामगिरी पाहून ठरतो. मैदानावर नेहमी तसे झाले नाही. पालवणकर बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, तरी अस्पृश्य म्हणून हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना 1923 साली मिळाले. संघ मांडताना मुलांना हेही सांगा.